नवं पिस्तूल भरवशाचं झालं, हे ठरवायचं कसं?

सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याची अडत असलेल्या एका तरुण व्यापाऱ्याचा प्रश्न आहे. ‘‘काका, लायसन्सवर .३२ बोअरचं नवं पिस्तूल घेतलं. परवानगीच्या रेंजवर दोन मॅगझिन, म्हणजे १४ राउंड मारले. त्यात दोनदा अडकलं. एकदा काडतूस चेंबरमध्ये चढलंच नाही, एकदा रिकामी पुंगळी स्लाइडमध्ये चिमटून उभी राहिली. विकणारा म्हणतो, नवं आहे, मोकळं होईल. मित्र म्हणतो, ५०० राउंड मारल्याशिवाय भरवसा ठेवू नको. वडील म्हणतात, तेल लावून कपाटात ठेव, वेळ आली की चालेल. कुणाचं ऐकू?’’

मालक, विकणाऱ्याचं थोडं ऐका, मित्राचंही थोडं ऐका. वडिलांचं मात्र या एका बाबतीत ऐकू नका. माझं आयुष्य पोलिसांच्या शस्त्रागारात आर्मोरर, म्हणजे हत्यारांची देखभाल-दुरुस्ती करणारा, म्हणून गेलं. वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिलेलं आणि नेमक्या वेळी न चाललेलं हत्यार मी जितक्या वेळा उघडलं, तितक्या वेळा वापरून झिजलेलं उघडलं नाही. चालवून न पाहिलेल्या पिस्तुलाविषयी तुम्हाला काहीच माहीत नसतं, आणि माहीत नसलेल्या गोष्टीच्या जिवावर माणूस रात्री रोकड घेऊन निघतो.

‘मोकळं होणं’ म्हणजे काय, ते आधी सांगतो. नव्या पिस्तुलात स्लाइड, म्हणजे वरचा मागंपुढं सरकणारा भाग, ज्या खाचांवर सरकते तिथं यंत्रकामाच्या बारीक रेघा असतात. काडतूस मॅगझिनमधून वर चढताना ज्या उतारावरून जातं, तो उतार थोडा खरखरीत असतो. स्लाइडला परत पुढं आणणारी रिकॉइल स्प्रिंग आणि मॅगझिनची स्प्रिंग करकरीत असते. वापरानं खाचा घासून गुळगुळीत होतात, स्प्रिंगा किंचित बसतात. इतकंच मोकळं होतं. मॅगझिनचे ओठ, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा, वाकडे असतील, पुंगळी बाहेर खेचणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरची नखी पुंगळीची कड नीट धरत नसेल, काडतुसाच्या बुडावर आपटणारी फायरिंग पिन आखूड असेल, तर हे दोष ५०० काय, ५००० राउंडनीही बरे होत नाहीत. म्हणून ‘नवं आहे, होईल’ हे उत्तर अर्धंच खरं. तुमचं अडकणं यातल्या कुठल्या जातीचं आहे, हे शोधणं आपलं काम.

काही जण नळीवरचा प्रूफचा शिक्का दाखवून सांगतात की हत्यार तपासूनच आलंय. प्रूफ म्हणजे नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस मारून नळी आणि चेंबर, म्हणजे काडतूस बसण्याची जागा, फुटत नाही ना, हे पाहणं. तो शिक्का हवाच. पण सातही काडतुसं एकामागून एक चढतील का, हे तो शिक्का सांगत नाही.

आता मित्राचे ५०० राउंड. हा आकडा अमेरिकेतून आलेला आहे. तिथं दुकानात जाऊन पेटीच्या पेटी आणता येते. आपल्याकडं वर्षाला किती काडतुसं घ्यायची आणि एका वेळी किती बाळगायची, हे लायसन्सवर लिहिलेलं असतं, आणि एकेक राउंड महाग पडतो. त्यामुळं आपण राउंड कमी मारायचे, पण प्रत्येक राउंडकडून काहीतरी शिकून घ्यायचं. त्यासाठी एक वही करा. तारीख, मॅगझिन कोणतं, काडतुसाची बॅच कोणती, कितव्या राउंडला काय झालं, एवढंच लिहायचं. आज तुम्ही मला ‘दोनदा अडकलं’ सांगता. पण कोणत्या मॅगझिनमध्ये? पहिल्या राउंडला की शेवटच्या? हे माहीत असतं तर निम्मं निदान झालं असतं.

रेंजवर जाण्याआधी घरची कामं. पहिलं, मॅगझिन काढा, मग स्लाइड मागं ओढा, चेंबरमध्ये डोळ्यानं पाहा आणि बोट घालून चाचपा. हा क्रम उलटा झाला, म्हणजे आधी स्लाइड ओढून मग मॅगझिन काढलं, तर काडतूस आत राहतं. ‘रिकामं होतं’ म्हणत सुटलेल्या गोळ्यांच्या मागं बहुतेक वेळा हाच उलटा क्रम असतो. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, पोरंबाळं बाहेर, मग साफसफाईला बसा.

नव्या हत्याराला गंज लागू नये म्हणून कारखान्यात जाड ग्रीस फासलेलं असतं. बरेच जण त्यालाच तेल समजून तसंच फायरिंगला नेतात. तुमची पुंगळी उभी राहिली त्याचं एक कारण हे असू शकतं. चिकट ग्रीसमुळं स्लाइड पूर्ण वेगानं मागं जात नाही, पुंगळी बाहेर फेकली जाण्याआधीच स्लाइड पुढं येते आणि तिला चिमटते. माहितीपत्रकात दाखवलंय तेवढंच उघडा. ग्रीस रॉकेलनं किंवा साफसफाईच्या द्रवानं काढा, कोरडं पुसा, नळीत ब्रश आणि चिंधी फिरवा. मग हलकं मशीन ऑइल स्लाइडच्या खाचांना थेंबथेंब, आणि नळीच्या बाहेरून जिथं घासल्याची चमक दिसते तिथं बोटानं पुसटसं. फायरिंग पिनची वाट, चेंबर आणि मॅगझिनचं आतलं अंग कोरडं ठेवा. तेल काडतुसाच्या बुडातल्या टोपीत, म्हणजे पिन आपटल्यावर पेटणाऱ्या भागात, झिरपलं की ती मरते, आणि मग दोष पिस्तुलाला दिला जातो.

चिंधीबद्दल एक सांगतो, आपल्या गावाची गोष्ट आहे म्हणून. सोलापुरात घरोघरी टेरी टॉवेल असतो, हात पटकन त्याच्याकडंच जातो. त्याचे धागे एक्स्ट्रॅक्टरच्या नखीखाली आणि ट्रिगरच्या फटीत अडकून राहतात. जुन्या, पन्नास वेळा धुतलेल्या धोतराचे तुकडे करा, त्याला तंतू सुटत नाहीत. आणि खोबरेल कधीही लावू नका. थंडीत सकाळी ते गोठतं.

साफ केल्यावर रिकाम्या पिस्तुलाची स्लाइड दीडदोनशे वेळा मागं ओढून सोडा. एका बैठकीत नको, दोनतीन दिवसांत. पूर्ण मागं ओढायची आणि स्प्रिंगच्या जोरावर सोडून द्यायची, हातानं पुढं नेऊन बसवायची नाही. नवा माणूस नेमकी ही चूक करतो. स्लाइडला हळुवार पुढं नेतो, तिला काडतूस ढकलायला जोर मिळत नाही, आणि ‘चढत नाही’ म्हणून तक्रार होते. शंभरेक वेळा झाल्यावर पुन्हा उघडून खाचा पाहा. दोन्ही बाजूंना सारखी चमक आली असेल तर ठीक. एकाच कोपऱ्यात खोल ओरखडा दिसला तर तिथं कूस, म्हणजे धातूचा बारीक टोकदार उंचवटा, आहे, ते जाणकाराला दाखवायचं. ट्रिगरचा सराव करायचा तर डमी राउंड, म्हणजे दारू नसलेली नकली काडतुसं, घालूनच करा. आणि कुणाकडं .२२ बोअरचं हत्यार असेल तर ते कोरडं, म्हणजे काडतुसाशिवाय, दाबूच नये, त्याची पिन चेंबरच्या कडेवर आपटून कड ठेचते.

आता मॅगझिन. स्वतः भरून घेणाऱ्या कुठल्याही पिस्तुलात निम्म्याहून जास्त भानगडी इथंच असतात, असं मी अनुभवानं म्हणतो. दोन मॅगझिन असतील तर तळाला नेलपॉलिशनं एक ठिपका, दोन ठिपके करा. वहीत तेच लिहा. अडकणं दोघांपैकी एकाच मॅगझिनचं निघालं तर पिस्तूल निर्दोष आहे, मॅगझिन बदला. ओठ उजेडात धरून पाहा, दोन्ही सारखे वळलेले हवेत. वरचं काडतूस अंगठ्यानं दाबून सोडा, ते लगेच वर यायला हवं, अडखळत आलं तर आत कचरा किंवा कूस आहे.

.३२ च्या पिस्तुलात आणखी एक खोडी आहे, ती फार कमी जणांना माहीत असते. हे काडतूस ब्राउनिंग या अमेरिकी शस्त्र-रचनाकारानं बेल्जियमच्या एफएन या शस्त्र कारखान्यासाठी केलं, १८९९ सालचं. त्याच्या बुडाची कड अंगापेक्षा किंचित बाहेर असते. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्या काडतुसाच्या कडेच्या पुढं असली पाहिजे. ती मागं गेली की स्लाइड वरच्याला पुढं ढकलते आणि ते खालच्याच्या कडेला अडकून बसतं. हे अडकणं स्लाइड ओढून सुटत नाही, मॅगझिन काढून काडतुसं बाहेर घ्यावी लागतात. लांबीला आखूड काडतूस वापरलं की आत हालायला जागा राहते आणि हा त्रास वाढतो. म्हणून भरताना घाई नको. एकेक काडतूस पूर्ण मागं सरकवा, भरून झाल्यावर मॅगझिनची पाठ तळव्यावर हलकेच आपटा, आणि बाजूच्या भोकांतून दिसत असेल तर कडा पाहा. तुमचं ‘चढलंच नाही’ हे या प्रकारचं असण्याची शक्यता मला दिसते. पुढच्या वेळी असं झालं तर घाईनं ओढाताण न करता नळी सुरक्षित दिशेला ठेवून आधी मॅगझिन काढा, वरची दोन काडतुसं कशी बसलीत ते बघा.

दुकानात ‘.३२ चं द्या’ एवढंच म्हणू नका. पिस्तुलाचं .३२ वेगळं, रिव्हॉल्व्हरचं लांब .३२ वेगळं. नाव एक, वस्तू दोन. पेटीवरचं पूर्ण नाव लायसन्सशी आणि नळीवरच्या खुणेशी जुळवा. घरी आणल्यावर प्रत्येक काडतुसाचं बूड पाहा. टोपी बुडाशी समतल हवी, वर आलेली नको. अंगाला पोचा नको. एकाच बॅचची घ्या, कारण भरवसा त्या पिस्तुलाचा, त्या मॅगझिनचा आणि त्या काडतुसाचा मिळून असतो. बॅच बदलली तर थोडे राउंड नव्यानं मारून पाहावे लागतात.

रेंजवरचा दिवस. लायसन्स शाखेला विचारून, परवानगी असलेल्या रेंजवरच. शेतात, विहिरीवर, कुणाच्या फार्महाउसवर नाही. आणि वरातीत किंवा मिरवणुकीत हवेत मारलेल्या गोळीला शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. वर गेलेली गोळी कुणाच्या तरी पत्र्यावर नाहीतर डोक्यावर येतेच. कानाला आणि डोळ्याला संरक्षण लावा.

पहिले पाच राउंड मॅगझिनमध्ये एकेकच घालून मारा. प्रत्येक पुंगळी कुठं पडते ते बघा. साधारण एकाच बाजूला, एकाच अंतरावर पडत असतील तर यंत्र समान चालतंय. मग दोन-दोन घालून पाच वेळा. मग पूर्ण मॅगझिन, पाच वेळा. हे झाले ५०. घाई करू नका, प्रत्येक मॅगझिननंतर वहीत लिहा. पिस्तूल घट्ट धरा, मनगट ताठ. ही छोटी पिस्तुलं गोळीच्या उलट्या धक्क्यावर स्लाइड मागं ढकलून चालतात. मनगट सैल राहिलं की स्लाइडबरोबर अख्खं पिस्तूलच मागं जातं, तिला हवा तो प्रवास मिळत नाही, आणि पुंगळी चिमटते. तुमच्या उभ्या राहिलेल्या पुंगळीचं ग्रीसनंतरचं दुसरं कारण हे. ओळखायचं कसं? त्याच पिस्तुलानं, त्याच मॅगझिननं रेंजवरच्या अनुभवी माणसाला सात राउंड मारू द्या. त्याच्या हातात चाललं आणि तुमच्या हातात अडकलं, तर दुरुस्ती मनगटाची करायची.

दोन गोष्टी मात्र पाठ करून जा. ट्रिगर दाबला आणि काहीच झालं नाही, तर नळी समोर तशीच धरून तीस सेकंद थांबा. क्वचित काडतूस उशिरा पेटतं. आणि नेहमीच्या आवाजाऐवजी नुसतं ‘फुस्स’ झालं, धक्का कमी लागला, तर तिथंच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते. वरून दुसरी मारली तर नळी फुटते, बोटं जातात. पिस्तूल रिकामं करून नळीतून आरपार उजेड दिसेपर्यंत पुढचा राउंड नाही. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

आता प्रश्न उरतो, किती राउंड नीट गेले म्हणजे भरवसा? एक साधा हिशेब आहे, संख्याशास्त्राची माणसं तो वापरतात. एकही चूक न होता जितके राउंड गेले, त्या संख्येनं तीनला भागायचं. जे येतं, तितकं चुकण्याचं प्रमाण अजूनही असू शकतं, असं धरून चालायचं. ५० राउंड बिनचूक गेले, तर शंभरात सहापर्यंत चुका अजून लपलेल्या असू शकतात. १०० गेले तर तीनपर्यंत. १५० गेले तर दोनपर्यंत. म्हणजे एक मॅगझिन ठाकठीक गेलं म्हणून छाती फुगवण्यात अर्थ नाही, आणि ५०० चा आकडाही आकाशातून पडलेला नाही. आपल्या कोट्यात मी १०० बिनचूक मागतो. पहिले ५० स्वच्छ पिस्तुलानं. पुढचे ५० दुसऱ्या दिवशी, मुद्दाम न पुसता, कारण खिशातलं पिस्तूल नेहमी ताजं पुसलेलं नसतं. त्यातले एकदोन मॅगझिन नुसत्या उजव्या आणि नुसत्या डाव्या हातानं, रेंजवरच्या माणसाच्या देखरेखीखाली. मधे अडकलं, कारण सापडलं, दुरुस्त केलं, तर मोजणी पुन्हा शून्यापासून. कारण न सापडता ‘आपोआप सुटलं’ तर मी ते सुटलं मानत नाही. तुमचे १४ राउंड मोजणीत धरू नका, ग्रीससकट मारलेले आहेत.

दुरुस्ती परवानाधारक गनस्मिथकडंच. एमआयडीसीत तुमच्या ओळखीचा लेथवाला हुशार असेल, पण लायसन्सशिवाय हत्याराची दुरुस्ती करणं हा शस्त्र कायद्याच्या कलम ५ खाली गुन्हा आहे, त्याच्यावरही बला येते. शिवाय उतारावर कानस मारून चकचकीत करताना कोन बदलला की तो पुन्हा आणता येत नाही. हमीच्या मुदतीत तर बोटही लावू नका, लेखी तक्रार आणि वहीची झेरॉक्स जोडून परत पाठवा. तारखेनिशी लिहिलेली वही पाहिली की समोरचा ‘तुमचं चुकत असेल’ म्हणून टाळत नाही.

घरात कुणाकडं .३२ चं रिव्हॉल्व्हर असेल तर त्याचं काम कमी आहे. सहाही घरांतून एकेक राउंड मारून बघायचा, ट्रिगर सावकाश दाबताना प्रत्येक घर नळीसमोर येऊन पक्कं बसतं का पाहायचं, आणि साफ करताना पुंगळ्या उचलणाऱ्या चांदणीसारख्या भागाच्या खाली ब्रश फिरवायचा. तिथं दारूचे चार न जळलेले कण बसले तरी घर फिरायला जड जातं.

सांभाळण्याबद्दल थोडं. तुमच्या दुकानात कांद्याचे पापुद्रे आणि माती उडत असते. खिशात नुसतं टाकू नका, झाकणाचं कव्हर घ्या आणि आठवड्याला एकदा पुसा. मे महिन्यात पारा ४२-४३ वर असताना काडतुसं गाडीच्या डॅशबोर्डमध्ये नकोत. रोज रात्री तेच वरचं काडतूस काढून सकाळी पुन्हा चढवू नका. वारंवार चढवल्यानं गोळी पुंगळीत आत दाबली जाते आणि दाब धोकादायक वाढतो. तसं काडतूस दुसऱ्याशेजारी उभं धरलं की आखूड दिसतं, ते बाजूला काढा. खरं सांगायचं तर तुमच्यासारख्यानं चेंबर रिकामंच ठेवावं असं माझं मत आहे.

खंडेनवमीला पूजा करा, मीही करतो. पण हळदकुंकू पाटावर वाहा, पिस्तुलावर नाही. बार्शीकडच्या एका लायसन्सधारकानं एकदा हत्यार आणलं होतं, सहातले तीन राउंड नुसते ‘टक’ होऊन राहत होते. उघडलं तर फायरिंग पिनच्या वाटेत कुंकू आणि तेलाचा लगदा. पिन पूर्ण पुढं येत नव्हती, टोपीवर पुसट टिकली तेवढी उमटत होती. तो बिचारा वर्षभर त्याच पिस्तुलाच्या भरवशावर उसाची बिलं घेऊन फिरला होता. निवडणुकीच्या काळात हत्यार ठाण्यात जमा करावं लागलं, तर तेल लावून द्या आणि परत आल्यावर मॅगझिनसकट उघडून गंज बघा. अशा मुक्कामानंतर मी एक मॅगझिन मारून खात्री करायला सांगतो.

आता पुढच्या रविवारी ग्रीस काढा, मॅगझिनवर ठिपके करा. रेंजवर पुन्हा पुंगळी अडकली तर ती फेकू नका, तारीख लिहून वेगळ्या पुडीत ठेवा आणि वहीबरोबर घेऊन या. बुडाची कड एका जागी फाटलेली दिसली तर पुंगळी चेंबरला चिकटतेय, कडेवर नखीचा ओरखडाच नसेल तर एक्स्ट्रॅक्टर धरत नाही, आणि टोपीवरचा खड्डा मधोमध सोडून बाजूला असेल तर पिनची जागा पाहावी लागेल. तेवढ्या एका पुंगळीवरून मला पुढचं सांगता येईल.